आबांना मेंढरं दिसता कामा नयेत

११ सप्टेंबर

मिळालं! आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट हातात आलं! पातळसं पुस्तक, आत माझा फोटो — आधार कार्डापेक्षा बरी दिसते. अठरा वर्षं वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर ग्रामसेविका म्हणून लोकांना दाखले देत हिंडले. आज पुण्याच्या आरटीओत मीच खिडकीपुढे उभी होते आणि आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "झेरॉक्स कुठाय?" इतका राग आला! उद्यापासून मी कुणाला झेरॉक्ससाठी परत पाठवणार नाही. निदान या महिन्यात तरी नाही.

नोव्हेंबरात न्यूझीलंड. आबा, आई आणि मी, सिद्धूकडे. पाच वर्षं झाली धाकट्या भावाला जाऊन, एकदाही आला नाही. दर वेळी काहीतरी निघतं. म्हटलं, आपणच जाऊ, आणि भाड्याची गाडी घेऊन आठवडाभर हिंडू. गाडी मीच चालवणार हे आधीच सांगून ठेवलंय. टेम्पोवाल्याची बायको म्हणून सतरा वर्षं डावीकडे बसून सूचना ऐकल्यात. आता स्टेअरिंग माझं!

टेम्पोवाले अर्थातच सूचना देऊन मोकळे झाले. "वर्षा, तिकडं पण हॉर्न दाबत ऱ्हा. घाबरलीस का संपलं."

१४ सप्टेंबर, रविवार

पासलीला गेले होते. म्हणजे पासलीच्याही वर, आमच्या धनगरवाड्यावर. शेवटचा अर्धा तास पायीच.

आबा पासपोर्ट उशाशी ठेवून झोपतात, असं आई सांगत होती. मी म्हटलं, आबा, तिकडं बर्फाचे डोंगर आहेत, निळी तळी आहेत, काय काय बघायचंय तुम्हाला? आबा म्हणाले, "डोंगर हितं कमी हायत व्हय? मला त्याची खुर्ची बघायचीय."

"कसली खुर्ची?"

"हापिसातली. एकडाव बसून बघणार. मग म्या मोकळा."

सिद्धूला शिकायला पाठवताना आबांनी अख्खा कळप विकला होता. दीडशेच्या वर मेंढरं, कुत्र्यासकट. तेव्हा म्हणाले होते, माझ्या पोराच्या हातात काठी नको. तेव्हापासून वेल्ह्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगतात, "आमचं सिद्धनाथ खुर्चीवर बसतंय." लोकही आता आबा दिसले की विचारतात, काय गेनबा, खुर्ची काय म्हणती? आबांना त्यातली चेष्टा कळत नाही. किंवा कळतही असेल.

१६ सप्टेंबर

सिद्धूचा फोन. मी ऑफिसात, समोर दोन माणसं, म्हटलं नंतर कर. तर म्हणाला, "आक्का, आत्ताच ऐक. तुम्ही येऊ नका."

बाहेर जाऊन ऐकलं.

त्याला ऑफिस नाही! कधीच नव्हतं! कोर्स संपला, नोकरी मिळेना, म्हणून महिन्याभरासाठी एका शेतावर कामाला गेला. ती मेंढरांची शेती होती. चार वर्षं झाली, तिथेच आहे. चार हजार मेंढरं!

मला आधी हसूच आलं. एवढं हसू आलं की आतली दोन माणसं दारात येऊन बघायला लागली. मग आबांची खुर्ची आठवली आणि हसू जागच्या जागी गेलं.

"अरे, मग पांढरा शर्ट घालून फोनवर बसतोस तो?"

"खाली गमबूट असतात."

म्हटलं, सोडून दे, दुसरं काही बघ. तर म्हणाला, "आक्का, मला आवडतं गं हे. खुर्चीत मला झोप येते." हे त्याने असं सांगितलं, जणू काही गुन्हा केलाय. माझा तर जीव तुटला. पण आबांना कोण सांगणार? मी नाही.

१८ सप्टेंबर

ठरलं. जायचं. सिद्धू शहरात येऊन भेटेल, पांढऱ्या शर्टात. शेताच्या बाजूला फिरकायचंच नाही. प्रवासाची सूचना क्रमांक एक: आबांना मेंढरं दिसता कामा नयेत.

१९ सप्टेंबर

मोबाईलवर शोधलं. न्यूझीलंडमध्ये माणसामागे चार-पाच मेंढरं आहेत. माणसांपेक्षा जास्त!! कुठल्या देशात नेतेय मी आबांना!

२८ सप्टेंबर

आईला सांगावंच लागलं. एकटीला झेपणारं नव्हतं. मी घाबरत घाबरत सांगितलं, तर ही बया भाकरी थापत म्हणते, "मला ठावं हाय."

कसं?

मागे एकदा फोनवर बोलताना सिद्धूच्या पाठीमागे मेंढरू ओरडलं होतं. आबांनी विचारलं, काय रं ते? सिद्धू म्हणाला, मोबाईलची रिंगटोन आहे आबा. आबांना पटलं. आई म्हणाली, "रिंगटोन कुठं लेकराला हाक मारती व्हय? चुकलेल्या कोकराची आय व्हती ती."

चार वर्षं पोटात ठेवलंय तिने. "पोरगं आपणहून सांगंल म्हनलं." आता आम्ही दोघी सामील.

५ ऑक्टोबर

मेंढरं राहू देत, गाडीचं बघायला हवं. तिकडेही डावीकडूनच चालवतात, ते एक बरं. पण हॉर्न वाजवायचा नाही! वाजवला की शिवी दिल्यासारखं. म्हणून आज सराव केला — आमच्या कामथडीपासून भोरपर्यंत, एकदाही हॉर्न न दाबता. हे शेजारी बसले होते, हात मांडीखाली दाबून.

चेलाडी फाट्यावर पहिली परीक्षा. समोर म्हशी. मी थांबले. म्हशीही थांबल्या. मागून एसटी, तिने आमच्या वाटणीचेही हॉर्न वाजवले. पुढे वळणावर माझा अंगठा आपोआप गेला, पण मधेच आवरला. भोरला पोचायला वीस मिनिटं जास्त लागली. चौकात टायरवाला धावत आला, "ताई, हॉर्न बंद पडलाय का? दोन मिनिटांत करून देतो!" ह्यांना हसू आवरेना. परतीला ह्यांनी चालवली आणि विनाकारण घरापर्यंत हॉर्न वाजवत आणली.

२६ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. भात कापायला आलाय, म्हणून हे येत नाहीत. मी वहीच्या मागच्या पानावर सूचनांचं परिपत्रक काढलंय. विमानातून उतरल्या दिवशी गाडी हातात घ्यायची नाही, आधी झोपायचं. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी फोटो काढायचे, ओरखडा दिसला तर त्यांना तिथेच दाखवायचा. विमा पूर्ण घ्यायचा, तिथे चिकटपणा नको. दर दोन तासांनी थांबायचं. नकाशा दोन तास म्हणाला तर तीन धरायचे, रस्ते वळणाचे आहेत. अर्धी टाकी झाली की भरायची, पुढचा पंप कुठे असेल सांगता येत नाही. फोटो काढायला रस्त्यात थांबायचं नाही. मागे गाड्या साचल्या तर डावीकडे घेऊन त्यांना जाऊ द्यायचं — हे वाचून ह्यांना धक्काच बसला. "आपण व्हऊन जाऊ द्यायचं?"

अरुंद पुलांचं वेगळंच. एका वेळी एकच गाडी. पाटीवर दोन बाण असतात, आपला बाण लाल आणि बारका असेल तर आपण थांबायचं. नाहीतर समोरचा थांबतो. आपल्याकडे ज्याची गाडी मोठी तो आधी, तिथे बाण.

आणि ज्या छापील माहितीवरून हे उतरवलं, तिच्या अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक सूचना होती: रस्त्यावर मेंढरं आली तर गाडी थांबवा, ती जाईपर्यंत वाट पाहा. मी त्यावर पेन फिरवला.

८ नोव्हेंबर

ख्राइस्टचर्च! पोचलो!! पण विमानतळावरच पकडले जाणार होतो.

या देशात बाहेरून माती, बी, मध, मांस काही आणू देत नाहीत. लपवलं तर जबर दंड, सांगितलं तर नुसती तपासणी. मी सगळं लिहून दिलं — शेंगदाण्याची चटणी, लोणचं, आबांची पायताणं आणि घोंगडं. पायताणांचे तळवे मी मुंबईच्या विमानतळावर जुन्या ब्रशने घासले होते, लोक बघत होते. घोंगडं आबा सोडेनात. "थंडीत काय चादरीनं भागतंय?"

तपासणारी बाई आडदांड, पण हसरी. घोंगडं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, लोकर चिमटीत धरून वास घेतला आणि आबांना विचारलं, "शीप?"

आबांना येणारा इंग्रजी शब्द हाच! "शीप! व्हय, शीप!"

बाईने अंगठा दाखवून घोंगडं परत दिलं. आबा बाहेर येईपर्यंत विचार करत होते. "वर्षे, विमानतळावरच्या बाईला लोकर कळती. ही कशी काय?"

"आबा, त्यांना ट्रेनिंग असतं."

उतरून अर्धा तास नाही झाला आणि मी खोटं बोलायला लागले. बाहेर सिद्धू उभा होता. पांढरा शर्ट, काळी पँट. आईने त्याला धरलं ते सोडेचना. आबा थोडे लांब उभे राहून त्याला बघत होते, मग नुसतं म्हणाले, "रापलास." खरंच, मान तांब्यासारखी झालीय. म्हणे, "ऑफिसातून रोज चालत जातो ना."

९ नोव्हेंबर

झोप. सूचनेप्रमाणे.

१० नोव्हेंबर

गाडी घेतली. पांढरी, मोठी, स्वच्छ. आबांना पुढे बसवलं, आई आणि सिद्धू मागे. पहिल्या चौकात इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू! इथल्या या गाडीत दांडा उलट्या बाजूला आहे. दिवसभर कडक उन्हात माझे वायपर चालू. समोरचे गाडीवाले आकाशाकडे बघायचे.

चौदा वेळा. सिद्धू मोजत होता.

दुपारी आबा म्हणाले, "आता हापिसात जाऊ." सिद्धूने सांगितलं, रंगकाम चाललंय, बंद आहे. आबा म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने, "खुर्च्या भाईर काढल्या असतील की रंग देताना." मी मोठ्याने विचारलं, कुणाला चहा हवाय का?

११ नोव्हेंबर

डोंगराकडे निघालो. काय तो देश! रस्ता सरळ, माणूस नाही, धूळ नाही. आणि दोन्ही बाजूंना — मेंढरं, मेंढरं, मेंढरं!

आईने कामगिरी उत्तम बजावली. डावीकडे कळप दिसला की, "आवो, उजवीकडं बघा, डोंगर!" उजवीकडे दिसला की, "आवो, ह्या अंगाला, तळं!" आबा बिचारे मान फिरवून फिरवून बघत होते. एका ठिकाणी दोन्हीकडे मेंढरं. आई क्षणभर गडबडली आणि ओरडली, "आवो, वर बघा, ढग!"

आबांनी ढग बघितला. म्हणाले, "बरा हाय."

लांबची मेंढरं त्यांना दिसत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय. धुक्याचे ठिपके समजतात. एकदा फक्त म्हणाले, "हितं दगूड लई पांढरा हाय." मागच्या सीटवर सिद्धूला ठसका लागला.

मी हसले खरी. पण रात्रीच्या मुक्कामाला पोचल्यावर आबा पाय दाबत बसले होते, तेव्हा वाटलं, सत्तरीच्या माणसाला आपण तिघं मिळून बनवतोय. जन्मभर मेंढरं ओळखणाऱ्या माणसाला दगड दाखवतोय. वाईट वाटलं. उद्या सिद्धूशी बोलेन.

१२ नोव्हेंबर

बोलले. "परतताना सांगतो, आक्का." म्हणजे विमानतळावर, विमान सुटायच्या वेळी. शहाणाच आहे!

१३ नोव्हेंबर

सगळं फुटलं. आणि माझ्यामुळे.

सकाळी छान निघालो होतो. वायपर फक्त दोनदा. अकराच्या सुमाराला तो एका गाडीचा पूल आला, खाली नदी. पाटी नीट वाचली — लाल बाण समोरच्याचा, म्हणजे जायचा मान माझा. पलीकडून एक उघडी गाडी येताना दिसली, दिवे लुकलुकत होते, मागे दोन कुत्री. म्हटलं, याला कळू दे मी निघालेय. आणि आपण वरंध्याच्या घाटात वळणावर मारतो तसा सवयीने हेडलाइटचा डिप्पर मारला. दोनदा.

आपल्याकडे डिप्पर म्हणजे "मी आले, तू थांब". इथे त्याचा अर्थ "तू ये, मी थांबते"! हे कुठल्याही सूचनेत नव्हतं! त्या भल्या माणसाने हात वर करून माझे आभार मानले आणि गाडी पुलावर घातली. मीही घातली. पुलाच्या मधोमध नाकाला नाक.

आई मागून, "आवो, नदी बघा, नदी!" पण आबा नदी बघत नव्हते. आबा कुत्र्यांकडे बघत होते. "ही मेंढराची कुत्री हायत," ते हळूच म्हणाले.

तो माणूस मागे का जात नाही म्हणून मी बघते, तर त्याच्या पाठीमागून पूल पांढरा होत चालला होता. तो कळपाच्या पुढे लोकांना सावध करायला आला होता, म्हणून ते दिवे! आता त्याला मागे जाता येईना आणि मेंढरं थांबेनात. मीच गाडी मागे घेतली. पूल अरुंद, कठडा दोन्हीकडे वीतभर, आणि मला मागे सांगायला टेम्पोवाले नाहीत. इंच इंच करत बाहेर काढली, डावीकडे गवतात घेतली, इंजिन बंद केलं. घाम कपाळावरून डोळ्यांत आला होता.

आणि मग मेंढरं आली. पाचशे तरी असतील. गाडीच्या चारी बाजूंनी, आरशाला घासत, काचेवर श्वास सोडत. आता ढग दाखवून भागणार नव्हतं.

आबांनी काच खाली केली. हात बाहेर काढला. जाणाऱ्या प्रत्येक पाठीवरून हात फिरवत राहिले. पाच वर्षांनी लागली असेल हाताला लोकर. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

शेवटी शेवटी एक मेंढी मागे पडली. तीन पायांवर. पुलाच्या तोंडाशी येऊन बसकण मारली. तो गाडीवाला उतरायच्या आत माझ्या मागचं दार उघडलं. सिद्धू! पांढऱ्या शर्टात! त्याने तिची मान एका हाताने वळवली, दुसरा हात तिच्या मांडीत, आणि एका झटक्यात ती मेंढी त्याच्या गुडघ्यांमध्ये ढुंगणावर बसली होती, चारी पाय वर, लहान मुलासारखी निवांत. मग ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या भावाने काळ्या पँटच्या खिशातून सुरी काढली आणि खुरात अडकलेला खडा टोकरून काढला. तो गाडीवाला नुसता बघत राहिला.

आबा उतरले. सावकाश गेले. मेंढीकडे बघितलं, सिद्धूच्या हातांकडे बघितलं.

"ही आपली रीत न्हाई," आबा म्हणाले. "आपण आडवी पाडतो. अशी बसवत न्हाई. ही कुणी शिकिवली?"

सिद्धूने मान खाली घातली. मेंढी त्याच्या गुडघ्यांत तशीच बसलेली.

"खुर्चीत बसून शिकलास व्हय?"

"आबा…"

"म्या कळप कशापाय इकला रं?"

एवढंच. ओरडले नाहीत. गाडीत येऊन बसले, पट्टा स्वतः लावला. आईकडे न वळताच म्हणाले, "तुला ठावं व्हतं." आई म्हणाली, "डोंगर बघा, डोंगर बघा म्हणून माझा घसा बसला. तुमालाच कसं उमजलं न्हाई?" यावर एरवी ते हसले असते.

१४ नोव्हेंबर

आबा कुणाशी बोलले नाहीत. जेवणाला "हं". झोपायला "हं".

१५ नोव्हेंबर

लपवायला काही उरलं नाही, मग सिद्धूच्या शेतावर गेलो. मालकीण साठीची, उंच, स्वतः गमबुटात. तिने केक केला होता. आबा गाडीतून उतरले नाहीत, तर ती बशी घेऊन गाडीशी आली आणि खिडकीतून बोलत उभी राहिली. मी भाषांतर केलं, "आबा, त्या म्हणतात, सिद्धूसारखा माणूस त्यांना मिळाला नाही. अडलेली मेंढी असली की शेजारचे शेतकरीसुद्धा यालाच बोलावतात. तो कुठं शिकला, असं विचारतायत."

आबांनी केकचा तुकडा तोंडात टाकला, समोर बघत. "कुंपण बरं हाय," म्हणाले.

मी मालकिणीला सांगितलं, ते आभार मानतायत.

नंतर सिद्धू आणि मी गोठ्यामागे उभे होतो. चार वर्षांचा हा सगळा पसारा त्याला आबांना दाखवायचा होता. लोकर कापायचं यंत्र, कोकरांचं कुरण, त्याचं कुत्रं. मला दाखवला. मी कौतुक केलं, पण माझ्या कौतुकाने त्याचं भागत नव्हतं. तो सारखा गाडीकडे बघत होता. माझा राग आता आबांवर आला. मग स्वतःवर आला. डिप्पर मारायची काय गरज होती?

ह्यांना फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, आता सूचना नको. तर म्हणाले, "सूचना न्हाई. पुलावरनं गाडी मागं घेतलीस ना एकटीनं? मला जमलं नसतं." सतरा वर्षांत पहिल्यांदा!

१७ नोव्हेंबर

गाडी परत केली. एकही ओरखडा नाही. फक्त काचांवर बाहेरून नाकांचे ठसे होते. भाड्याच्या दुकानातला माणूस हसला, मनात म्हणाला असावा, पर्यटक!

विमानतळावर सिद्धू पांढरा शर्ट न घालता आला. जाड लोकरीचा, चौकड्यांचा, कोपरावर ठिगळ. आबांच्या पाया पडला. आबांनी त्याचा हात धरून उलटा केला, तळहात बघितला, भेगा बघितल्या. मला वाटलं, आता बोलतील. आबा म्हणाले, "मोजं घालत जा हाताला," आणि आत निघाले. सिद्धू तिथेच उभा. आई रडली, मी रडले. आबा तपासणीच्या रांगेत पट्टा काढून शहाण्यासारखे उभे होते.

२४ नोव्हेंबर

ऑफिस. सगळ्यांना फोटो दाखवले. पुलाचा कुणी काढला नव्हता, ते एक बरं. एक जोडपं पुढच्या वर्षी बाहेर गाडी चालवायला जाणार आहे, त्यांनी सूचना मागितल्या. परिपत्रकात एक वाढवली: डिप्पर कधी, कुठे, कशासाठी मारता, ते आधी त्या देशाला विचारा.

एका म्हाताऱ्याला झेरॉक्ससाठी परत पाठवणार होते, पण मीच काढून दिली.

२६ नोव्हेंबर

वेल्ह्याच्या बाजारात आबांना कुणीतरी विचारलं म्हणे, काय गेनबा, बसला का खुर्चीवर? आबा सरळ एसटीत जाऊन बसले. मला हे कंडक्टरने सांगितलं. तेव्हापासून बाजारात आलेले नाहीत. आई फोनवर म्हणते, दिवसभर वाड्याच्या मागे बसून असतात, रिकाम्या कोंडवाड्याकडे बघत. सिद्धू रोज मला विचारतो, आबा काही म्हणाले का? मी रोज सांगते, अजून नाही.

१४ डिसेंबर, रविवार

पासली. वाड्यावर पोचले तर कोंडवाड्यात सात मेंढ्या! आई म्हणाली, न विचारता, न सांगता काल घेऊन आले. आबा एकीला धरून बसले होते, लंगडत होती. ती आडवी नव्हती पाडलेली. गुडघ्यांमध्ये बसवायचा प्रयत्न चालला होता, जमत नव्हता. मेंढी वैतागलेली, आबा घामाघूम.

मला बघून म्हणाले, "सिद्धूला फोन लाव. इचार, ह्या खुराला तिकडं काय लावत्यात."

म्हटलं, "आबा, खुराला काय लावायचं ते तुम्हाला माहीत नाही?"

"म्हाईत हाय. तरी इचार."